वाईटात वाईट, आणि त्यापुढचे एक

गौतम,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मला चार शब्द बोलायला उभे केले. "गौतम चांगला शिक्षक होता," एवढे म्हणून मी बसलो. सुजातावहिनींनी मान वर करून पाहिले. मागून कोणीतरी म्हणाले, "अप्पा सर, अजून बोला की." मी बोललो नाही. सभेत मन उघडे करणे मला जमत नाही हे तुला ठाऊक होते. इतरांना ते त्या दिवशी कळले. तुझा जन्म, तुझ्या बदल्या, तुझे सत्कार यांविषयी बाकीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले. तो भाग येथे वगळतो. राहिले ते तुला उद्देशून लिहितो. तू उत्तर देऊ शकणार नाहीस, त्यामुळे आपल्या जुन्या वादात निदान शेवटचा शब्द माझा ठरेल, असा माझा समज होता. तो टिकला नाही. कसा, ते पुढे येईल.

आपली ओळख नांदेडच्या वसतिगृहातली. मी लातूरजवळच्या मुरुडच्या लिंगायत अडत्याचा मुलगा, गळ्यात लिंग. तू इस्लापूरकडचा, तुझे आईवडील दुसऱ्याच्या रानात राबत. खोलीत खाटा दोन होत्या आणि विद्यार्थी तीन. व्यवस्थापक किल्ली देऊन निघून गेले. तिसरा मुलगा रडवेला झाला होता. तू ट्रंक खाली ठेवलीस आणि म्हणालास, "तिघं अन् दोन खाटा. एका खाटेवर दोघं झोपणारच, त्याला इलाज न्हाई. रडायचं कशाला? कोण दोघं, एवढंच ठरवायचं हाय." ते दोघे आपण ठरलो. मुरुडला ही बातमी पोचल्यावर वडिलांनी दुसरी खोली पाहायला सांगितले. मी पाहिली नाही. या विषयावर आपण कधी बोललो नाही, आताही बोलत नाही.

पुढे वर्गात कबुतरखान्याचे तत्त्व आले तेव्हा तू माझ्याकडे पाहून हसलास. कबुतरे खणांपेक्षा अधिक असली तर एखाद्या खणात किमान दोन कबुतरे येतात, एवढेच ते तत्त्व. शाळकरी मुलालाही पटावे इतके साधे. अवघड असते ते त्याचे उपयोजन, कारण असे प्रश्न हमी मागतात. पिशवीत तीन प्रकारच्या वस्तू आहेत. न पाहता किती काढल्या म्हणजे एकाच प्रकारच्या पाच हाती येतील याची खात्री देता येईल? नशीब चांगले असेल तर पाच काढल्या तरी भागते. खात्री द्यायची असेल, तर नशीब किती वाईट असू शकते ते मोजावे लागते. वाईटात वाईट किती ते कळले, की त्यात एक मिळवायचा. ते उत्तर.

या एका कल्पनेवर आपण दोघांनी आयुष्यभर शिकवले. मी लातूरला, तू नांदेड जिल्ह्यातल्या शाळांत. कल्पना एक होती, रीत एक नव्हती.

मी मुलांना सूत्र देत होतो. प्रकारांची संख्या घ्या. हव्या असलेल्या संख्येतून एक वजा करा. दोहोंचा गुणाकार करा. त्यात एक मिळवा. फळ्यावर दोन ओळी. वर्गात शंभर मुले असली तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतात.

तू वैरी बसवत होतास. निवृत्तीनंतर नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या वस्तीत, समाजमंदिरात, तू दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केलास. तेथे एक कापडी पिशवी असे. तिच्यात चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि सागरगोटे. हात घातला की बोटांना सगळे कळते, डोळे मिटून उपयोग नाही, म्हणून तू पिशवी एका मुलाच्या मांडीवर देत होतास आणि त्याला वैरी नेमत होतास. दुसऱ्याने मागायचे, वैऱ्याने एकेक द्यायचे. देताना समोरच्याला हवे ते शक्य तितके लांबवायचे. लबाडी करायची नाही, नाही म्हणायचे नाही, पण जीव गेला तरी सुखासुखी जिंकू द्यायचे नाही. मुले वैरी होण्यासाठी भांडत. मी एकदा पाहून तुला म्हणालो होतो, "ही शाळा आहे की तमाशाचा फड?" तू म्हणालास, "फडच हाय. पर गणिताचा."

लातूरच्या बसस्थानकासमोर चहा घेताना झालेला वाद तुला आठवत असेल. शेजारच्या बाकावर माझ्या शिकवणीतली दोन मुले होती. तू खिशातून मूठभर बिया काढल्यास आणि टेबलावर मांडल्यास.

"काय रे पोरांनो, हे दहा चिंचोके, ह्या आठ बिया सीताफळाच्या, हे तीन सागरगोटे. एका जातीचे पाच पायजेत. किती काढले की खात्री?"

"तेरा," दोघे एकदमच म्हणाले. तीन प्रकार, प्रत्येकी चार, बारा आणि एक. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती.

"मांडा बरं. काय काय देईल वैरी?"

"चार चिंचोके, चार बिया, चार..." म्हणता म्हणता एकाचा हात थांबला.

"का थांबला? दे की चौथा सागरगोटा. का वैरी घरून आणून देईल?"

मुले हसली. उत्तर बारा होते. चार, चार आणि तीन मिळून अकरा. बारावी वस्तू कोणतीही आली तरी पाच पुरे होतात. मी मुलांना म्हणालो, "सूत्र बरोबर आहे. साठा पुरेसा असावा ही त्याची अट आहे. ती तुम्ही विसरलात."

"अप्पा," तू म्हणालास, "तू लेकरांना वाईटाचा भाव पाठ करून देतो. मी त्यांची वाईटाशी गाठ घालून देतो. वैऱ्याचा साठासुद्धा कुठंतरी संपतो, हे त्यांच्या बोटांना कळाय पायजे."

मी तेव्हा जे उत्तर दिले ते आजही चुकीचे मानत नाही. मी म्हणालो, "तुझी रीत तू असेपर्यंत चालेल. तुझ्यासारखा मनुष्य दर गावाला कोठून आणायचा? सूत्र माझ्या माघारीही चालेल. ते कोणीही कोणालाही देऊ शकतो."

तू चहा संपवलास. बिया गोळा केल्यास. उत्तर दिले नाहीस. एरवी तू गप्प बसणारा नव्हतास, म्हणून ते ध्यानात राहिले.

आता एक ऋण नोंदवतो. माझी पत्नी पार्वती गेली तेव्हा लातूरच्या घरी माणसांची रीघ होती. प्रत्येक जण धीर देत होता. सर्व ठीक होईल, काळ हे औषध आहे, मुले आहेत ना, अशी वाक्ये. तू आलास, बूट काढलेस आणि माझ्याजवळ बसलास. माणसे पांगल्यावर विचारलेस, "अप्पा, आता वाईटात वाईट काय?"

दुसऱ्या कोणी असे विचारले असते तर मी उठून गेलो असतो. तुला मी उत्तर दिले. स्वयंपाक येत नाही. रात्री दिवा लावून झोपण्याची सवय तिला होती, मला नव्हती, आता मलाही लागली आहे. रविवार जात नाही. शिकवणी नसते, पेपर वाचून संपतो, आणि घरात कोणी कोणाला हाक मारत नाही.

तू बोटांवर मोजलेस. "स्वयंपाकाला बाई लाव. दिवा राहू दे, त्यानं कोणाचं काय बिघडतंय? रविवार माझ्याकडं."

तेव्हापासून दर रविवारी वर्ग सुटला की तुझा फोन येई. कोण वैरी होते, कोणी कोणाला किती रडवले, कोणती मुलगी अकराव्या बीपर्यंत खिंड लढवून मग हरली आणि हरल्यावर टाळ्या वाजवून नाचली. "हरणारी नाचती, अप्पा! तिला ठाऊक हाय ना, याच्यापेक्षा जास्त कोणी अडवूच शकत न्हाई." मी "हूं" म्हणत असे. मधून एखादी चूक दाखवत असे. त्या फोनसाठी मी शनिवारीच बॅटरी भरून ठेवत होतो, हे तुला सांगितले नाही. सांगण्याचे कारण पडले नाही.

दवाखान्यातला तुझा शेवटचा आठवडा मी फार आठवत नाही. एक प्रसंग ठेवला आहे. तरुण डॉक्टर फेरीला आले होते. तू त्यांना विचारलेस, "वाईटात वाईट काय होईल, ते सांगा." ते म्हणाले, "काका, असा विचार कशाला करता? पॉझिटिव्ह राहायचं."

"मी पॉझिटिव्हच हाय बेटा. म्हणून तर विचारून राहिलो. वाईटाची शीव कळली की तिच्या अलीकडचं सगळं रान माझं."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि सांगितले. सरळ सांगितले, त्यांना त्याचे श्रेय देतो. तू ऐकून घेतलेस, त्यांचा हात धरून आभार मानलेस, आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "अप्पा, डबा उघड. भाकरी हाय का नुसता भातच आणला?" भाकरी होती. तू अर्धी खाल्लीस. ती माझ्या हिशेबी फार होती.

पुण्यानुमोदन संपल्यावर सुजातावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावले. "भाऊजी, लेकरं इचारून राहिलेत. वर्गाचं काय करायचं?"

"दुसरा शिक्षक पाहावा."

"पाहिला. दोघांना इचारलं. रविवार कोणाला पायजे? तुम्ही याल का?"

मी नाही म्हणालो. माझी कारणे खोटी नव्हती. लातूर ते नांदेड गाडीत सकाळ जाते, गुडघे धड नाहीत, आणि मुख्य म्हणजे तुझ्या रीतीने शिकवणे मला येत नाही. माझ्या रीतीने शिकवणारे वर्ग नांदेडात गल्लोगल्ली आहेत. त्यांत आणखी एकाची गरज नाही. वर्ग तुझा होता, तो तुझ्याबरोबर संपला, असे मानणे मला प्रामाणिकपणाचे वाटले.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "मग तुम्हीच जाऊन सांगा लेकरांना. माझ्यानं व्हायचं न्हाई. तुमचं तोंड कडक हाय, तुम्हाला जमंल."

त्यासाठी पुढच्या रविवारी मी निघालो. गाडी लोह्याला येईपर्यंत मनाशी वाक्ये जुळवली. "विद्यार्थ्यांनो, प्रत्येक गोष्टीला शेवट असतो," हे वाक्य टाकून दिले. "वर्ग आजपासून बंद होत आहे," हे ठेवले.

समाजमंदिराचे दार उघडे होते. सतरंजी अंथरलेली होती. भिंतीला टेकून एक बाई बसल्याबसल्या झोपल्या होत्या; पांढरा कोट घडी करून मांडीवर. फळ्याशी दहावीतली दोन मुले हमरीतुमरीवर आली होती. मुलीचे नाव पंचशीला, मुलाचे ओंकार. बाकीची मुले बाजू घेऊन ओरडत होती. मला पाहून सगळी उठली.

"बसा सर," पंचशीला म्हणाली. "वर्गाचाच हिशेब करून राहिलोत."

हिशेब असा होता. तू गेल्यावर समाजमंदिराच्या समितीने सांगितले की कोणी जबाबदार मोठे माणूस बसणार असेल तरच किल्ली मिळेल. मागणी रास्त आहे. मुलांनी तीन माणसे गाठली. पंचशीलाची आई, म्हणजे भिंतीशी झोपलेल्या बाई. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत आणि रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. ओंकारचे वडील, एसटीत कंडक्टर. आणि भाजी विकणाऱ्या शेवंतामावशी. तिघांनाही सुट्टी ठरलेली नाही. प्रत्येकाने शब्द दिला होता की महिन्यात दोन रविवार नक्की येईन. उरलेल्या दोनांचे सांगता येत नाही. चार रविवारांचा महिना धरायचा. प्रश्न एकच होता: वर्ग किती रविवार नक्की भरेल?

"सर, सोपं हाय," ओंकार म्हणाला. "तिघांचे मिळून सहा खाडे. रविवार चार. वाईटात वाईट म्हणजे समान वाटणी. कुठं दोन खाडे येतील, कुठं एक. तीन खाडे कुठंच न्हाईत. म्हणजे दर रविवारी कोणीतरी असणारच. चारी रविवार वर्ग!"

"समान वाटणी!" पंचशीला म्हणाली. "तुझा वैरी लई गुणाचा हाय रे. तुला मामा लागतो का?"

मुले खिदळली.

"मग तुझा कसा असतो?"

"माझा ढीग लावतो. तिघांचे खाडे एकाच रविवारी. राहिलेले तिघांचे अजून एका रविवारी. दोन रविवार किल्लीच न्हाई. काय करशील?"

"पर क्लासला सांगितलंय, वाईटात वाईट म्हणजे समान वाटणी. पक्कं सांगितलंय."

"ते बियांचं. हे किल्लीचं हाय. वैऱ्याला काय पायजे ते कामून इचारलं न्हाई त्याला?"

गौतम, "वाईटात वाईट म्हणजे समान वाटणी" हे वाक्य माझे आहे. मी ते लातूरला फळ्यावर लिहीत आलो. कोणा विद्यार्थ्याच्या तोंडून, कोणा शिक्षकाच्या हातून ते नांदेडला पोचले आणि एका कंडक्टरच्या मुलाच्या मुखी बसले. सूत्र माझ्याशिवाय चालते, हा माझा दावा खरा होता. आणि ज्या मुलीला तू आता भेटणार नाहीस, ती तुझी रीत कोणाच्याही मदतीशिवाय चालवत होती. बसस्थानकासमोर तू जे उत्तर दिले नाहीस, ते समोर उभे राहून भांडत होते.

"अप्पा सर, तुम्हीच सांगा," ओंकार म्हणाला. "कोण बरोबर?"

"ती बरोबर आहे," मी म्हणालो.

कोणी टाळ्या वाजवल्या. ओंकारला वाईट वाटले असावे, म्हणून कारण सांगितले. बियांच्या खेळात वैऱ्याला एका जातीचा ढीग होऊ द्यायचा नसतो, म्हणून तो पसरून देतो. येथे त्याला एखादा रविवार ओसाड करायचा आहे, म्हणून तो गोळा करतो. वाईटाला ठरलेला चेहरा नाही. तो दर प्रश्नात नव्याने शोधावा लागतो. हे वाक्य मी उच्चारले तेव्हा माझ्या लक्षात आले की याआधी मी ते कधी कोणाला शिकवले नव्हते.

पंचशीलाने फळ्यावर मोठा दोन काढला आणि त्याभोवती गोल केला. "म्हणजे काहीही झालं तरी दोन रविवार वर्ग हाय. सर न्हाईत तरी दोन हायेत."

मुले त्या आकड्याकडे पाहत राहिली. कोणाच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती. निम्मा वर्ग गेला असे त्यांना वाटत नव्हते. दोन रविवार कोणाच्याही बापाला हिरावता येणार नाहीत, असे वाटत होते. ती दृष्टी तुझी होती.

मी घसा साफ केला. "मी तुम्हाला सांगायला आलो होतो की..."

"ठाऊक हाय सर. सुजाताकाकूंनी फोन केलता," पंचशीला म्हणाली. "बंद करायचा तर करा. पर आधी हिशेब बघा म्हणून मांडून ठेवला."

"आणि शिकवणार कोण?"

"शिकवायचं आम्ही बघतो. ओंकार सूत्र सांगतो, मी त्यातली खोट काढते. फकस्त उरलेल्या दोन रविवारी मोठं माणूस पायजे. नुसतं बसायला."

"कोणते दोन?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पहिलीत बसलो आहे. "ते आधी कसं सांगता येईल सर? आईची पाळी शुक्रवारी कळती, मावशीचं तर त्याच सकाळी. दोन भरतील एवढं पक्कं. कोणते, ते वैऱ्यालाच ठाऊक."

मी ओंकारकडे पाहिले. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मग त्याचा चेहरा उजळला. "सर, मग तर तुम्हाला चारी रविवार यावं लागंल!"

"या वेळी तू बरोबर आहेस," मी म्हणालो.

गोंगाटाने परिचारिका बाई जाग्या झाल्या आणि विचारू लागल्या, काय झाले, वर्ग बंद झाला का. मुलांनी त्यांना काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, सगळी एकदम बोलत होती.

तेव्हापासून मी पहाटेच्या गाडीने येतो. भिंतीशी माझी एक खुर्ची ठेवली आहे. परवा एका लहान मुलाने नव्या मुलाला माझी ओळख करून दिली, "हे अप्पा सर. हे मोठं माणूस हायेत." मी मान हलवली. शिकवायला मला अजून कोणी सांगितलेले नाही.